दोन ‘वेस्ट’ आणि एक जास्तीचा प्रश्न

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

लिहिणारी मुलगी २९ वर्षांची. तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर सांगली जिल्ह्यातून अमेरिकेत आली, तिथेच लॉ स्कूल केलं. गेली तीन वर्षं ती इलिनॉय राज्यात सरकारी बचाव वकील आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे फौजदारी खटले लढवते. दोन आठवड्यांपूर्वी मुख्य वकील म्हणून पहिल्यांदाच तिनं ज्युरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा सामान्य माणसांपुढे, खटला चालवला. प्रकरण पेट्रोल पंपावरच्या दुकानातल्या लुटीचं. ज्युरीनं अडीच तासांत तिच्या अशिलाला दोषी ठरवलं. निकालानंतर कॉरिडॉरमध्ये ज्युरीतल्या एक बाई म्हणाल्या, “मेहनत खूप घेतलीत हो, पण तुमचे काही शब्द मला कळलेच नाहीत.” वरिष्ठांनी सुचवलं, उच्चारांसाठी शिकवणी लाव आणि तोवर शेवटचं भाषण सहकाऱ्याला करू दे. वडील म्हणतात, सोड हे. एका विमा कंपनीच्या कायदा विभागात जवळपास दुप्पट पगाराची नोकरी समोर आहे. ती विचारते: ज्युरीला पटवण्याची कला शिकता येते का? माझ्या उच्चारांसकट मला या पेशात भवितव्य आहे का? नसेल, तर आत्ताच बाहेर पडू का?

काकूंचं उत्तर:

तुझं पत्र चार पानांचं आहे. दोन पानं उच्चारांवर, एक वडिलांवर, बाकीचं वरिष्ठांवर. पुरावा काय होता ते जेमतेम पाच ओळींत, आणि दुकानातल्या मुलीच्या उलटतपासणीबद्दल तर “तिथे जरा घोळ झाला” एवढंच. नशीब, घोळ म्हणजे नेमका कोणता प्रश्न आणि तिनं काय उत्तर दिलं ते तू कंसात लिहून ठेवलंस. त्या कंसाकडे मी येणार आहे. आधी कॉरिडॉरमधल्या बाईंचं बघू, कारण त्यांनी तुझी झोप उडवली आहे.

मी वकील म्हणून २६ वर्षं ज्युरीपुढे उभी राहिले. निकालानंतर लोकांनी मला काय काय ऐकवलंय! तुमचे बूट करकरतात. तुम्ही पाणी फार पिता. तुमचा अशील तुमच्याकडे एकदाही बघत नव्हता. एकदा तर मी जिंकल्यावर एक गृहस्थ म्हणाले, सरकारी वकिलांना बघून मला सारखी माझ्या मेहुण्याची आठवण येत होती. यातलं काहीच खोटं नसतं. पण निकाल त्यामुळे लागला असं मानून तू आयुष्याची दिशा ठरवू नकोस. या माणसांना तीन दिवस गप्प बसवलेलं असतं, मग एका खोलीत कोंडून अनोळखी माणसाच्या आयुष्याचा फैसला करायला लावलेलं असतं. बाहेर पडल्यावर तोंडाला पहिलं येईल ते बोलून ती गाडीकडे पळतात.

शिकागो विद्यापीठातल्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायझेल यांनी १९६६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्युरीपुढे चाललेल्या ३,५७६ फौजदारी खटल्यांत त्यांनी न्यायाधीशांना विचारलं होतं, ज्युरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता? सुमारे ७८ टक्के खटल्यांत दोघांचं उत्तर एकच निघालं. उरलेल्यांत ज्युरी बहुतेक वेळा न्यायाधीशांपेक्षा सौम्य होती. आता बघ, न्यायाधीश वकिलाच्या वक्तृत्वाला भुलणारे नसतात आणि त्यांना तुझ्याहून अवघड उच्चार ऐकायची सवय असते. तरीही बारा सामान्य माणसं आणि ते एकाच जागी पोचतात, ते पुराव्यामुळे. तुझ्या हातात जे आहे ते उरलेल्या वीस-बावीस टक्क्यांत. ते थोडं नाही. पण “मला पटवता आलं नाही” या वाक्यात तू स्वतःला फार मोठी जागा देते आहेस.

आपल्याकडचं एक उदाहरण देते. १९०८च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. वकील न घेता ज्युरीपुढे ते स्वतः बोलले, अनेक बैठका मिळून २१ तासांच्या वर. कायद्याची अशी तयारी करून उभे राहणारे वकील मी माझ्या कारकिर्दीत मोजकेच पाहिले. न्यायाधीश दिनशा दावर. हेच दावर १८९७च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून लढले होते, नियतीला विनोद करायची हौस असते म्हणायचं. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. शिक्षा सहा वर्षं, रवानगी मंडालेला. त्याआधी १८९७च्या खटल्यात ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. तिथला निकाल काय असेल, सांग बघू? सहा विरुद्ध तीन.

ज्युरीनं दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं उत्तर आपण शाळेत पाठ करतो. ज्या दालनात खटला चालला त्याच्या बाहेर ते संगमरवरावर कोरलेलंही आहे. मला मात्र वकील म्हणून ते दोन आकडे जास्त छळतात. २१ तासांत टिळकांचं बोलणं कमी पडलं का? ती माणसं बाकावर येऊन बसली तेव्हाच काम बरंचसं झालेलं होतं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की पटवणं भाषणात सुरू होत नाही, ज्युरीच्या निवडीत सुरू होतं. तुझ्या पत्रात त्या निवडीबद्दल एक शब्द नाही. इलिनॉयमध्ये न्यायाधीशांना प्रत्येक संभाव्य ज्युररला चार गोष्टी विचाराव्याच लागतात: आरोपी निर्दोष मानला जातो, सरकारला गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आरोपीला कोणताही पुरावा द्यायचं बंधन नाही, आणि तो साक्षीला उभा राहिला नाही तर ते त्याच्याविरुद्ध धरायचं नाही. हे तुम्हाला समजतं का, मान्य आहे का? सगळे मान डोलावतात. लग्नात मंगलाष्टकांना अक्षता टाकाव्यात तसं असतं ते. कुणी शब्द ऐकत नाही, हात मात्र वेळेवर उठतो. त्यानंतर वकिलांना पुरवणी प्रश्न विचारायची संधी मिळते. ती तू कशी वापरलीस?

माझी पद्धत सांगते. चौथ्या मुद्द्यावर थांबायचं आणि विचारायचं, “आरोप झाल्यावर एखादा माणूस गप्प बसला, की तुमच्या मनात पहिलं काय येतं?” कुणीतरी प्रामाणिक माणूस म्हणतोच, “काहीतरी लपवतोय.” नवा वकील इथे घाबरतो, त्याला कायदा समजावायला लागतो. तसं करू नकोस. त्याचे आभार मान, मनापासून, आणि बाकीच्यांना विचार, अजून कुणाला असं वाटतं? चार हात वर येतात. आता ते चारजण तुला माहीत झाले. असा पूर्वग्रह बाजूला ठेवता येणार नाही असं ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्याला न्यायाधीश कारणासकट वगळू शकतात. तुझ्या हातातले, कारण न देता वगळायचे सात हक्क वाचतात. हे हक्क दोन्ही बाजूंना असतात आणि ते वंशावरून वापरायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात सांगितलं. समोरचा वकील तसं करतोय अशी शंका आली, तर तिथल्या तिथे हरकत घेऊन नोंद करून ठेव. नोंदच नसेल तर अपिलात काय मांडणार?

आणि याच वेळी, निवडीच्या पहिल्या दोन मिनिटांत, उच्चारांचा विषय स्वतः काढ. “मी मराठी बोलत लहानाची मोठी झाले. माझा एखादा शब्द अडला तर हात वर करा, मला राग येणार नाही, मी पुन्हा सांगेन.” एवढंच. लोक हसतात, खांदे सैल सोडतात. मग शब्द अडणं हा तुझा दोष राहत नाही, दोघांच्यातला करार होतो. माझे उच्चार तुझ्याहून वाईट आहेत. मी तर ३१ व्या वर्षी, दोन मुलं सांभाळत, रात्रीच्या वर्गात कायदा शिकले.

आता तुझे ते दोन ‘वेस्ट’. बाहेर उभ्या असलेल्या साक्षीदारानं सांगितलं, की लुटणारा पश्चिमेकडे पळाला आणि त्याच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट होतं. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, मराठीत लिहिले तर दोन्ही ‘वेस्ट’, आणि आपल्या तोंडून निघाले तरी दोन्ही ‘वेस्ट’. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्यात ओठांचा चंबू करायचा. आपला ‘व’ बिचारा मधेच कुठेतरी उभा. तू विचारलंस “कुठलं वेस्ट?” आणि कोर्टातल्या लघुलेखिकेनं तुला दोनदा थांबवलं. वाचताना मला हसू आलं. माफ कर, पण मी स्वतः एकदा असाच ‘द्राक्षाची दारू’ आणि ‘द्राक्षाचा वेल’ या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांत अख्खी दुपार घालवली आहे.

शिकवणी लावायची तर लाव, त्यात कमीपणा नाही. पण सगळी बोली घासून गुळगुळीत करायच्या मागे लागू नकोस. प्रत्येक खटला दहा-बारा शब्दांवर उभा असतो. ते आधी कागदावर लिहून काढ. ‘व’वाले, ‘थ’वाले वेगळे काढ, फोनवर रेकॉर्ड कर आणि एखाद्या अमराठी मैत्रिणीला ऐकव. तिला कळला नाही तो शब्द बदलून टाक. तुमच्या भागात पूर्वेला एवढं मोठं मिशिगन सरोवर पडलंय, तिथली माणसं दिशा कशी सांगतात, “सरोवराकडे की सरोवरापासून लांब?” तसंच विचार. जाकिटाचा फोटो पडद्यावर टाक आणि त्याकडे बोट दाखव. नकाशा लाव. वेग कमी कर. आपण मराठी माणसं घाबरलो की भराभर बोलतो, उच्चारापेक्षा तेच जास्त नडतं.

आता कंस.

दुकानातल्या मुलीला तू विचारलंस, त्याचा चेहरा तुम्हाला किती वेळ दिसला? ती म्हणाली, “चार सेकंद.” टोपी खाली ओढलेली होती? “हो.” तुमचं लक्ष त्याच्या हातातल्या पिस्तुलाकडे होतं? “हो.” तुम्ही त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं? “नाही.” वा! चार प्रश्न, चार उत्तरं, सगळी तुझ्या बाजूची. आणि मग पाचवा: “तर मग तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगू शकता?” ती ज्युरीकडे वळली आणि म्हणाली, “कारण तेव्हापासून रोज रात्री मला तेच डोळे दिसतात.”

पोरी, खटला तिथे गेला. ‘वेस्ट’मध्ये नाही गेला.

माझे वडील, आप्पा, साताऱ्याच्या कोर्टात ४० वर्षं वकिली करत होते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसायची. त्यांच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांशेजारी पंचांग कायम असायचं. मुहूर्तासाठी नव्हे, मारामारी झाली त्या रात्री चंद्र कधी मावळला ते बघायला. ‘का’ आणि ‘कसं’ हे दोन शब्द उलटतपासणीला जाताना घरी खुंटीला टांगून जायचे, असं ते ज्युनिअर पोरांना बजावायचे. पुढे इथे आल्यावर कळलं, की तुझ्याच राज्यात, बीअर्ड्सटाउन गावात, १८५८च्या मे महिन्यात अब्राहम लिंकन नावाच्या वकिलानं हेच केलं होतं. साक्षीदार म्हणत होता, दीडशे फुटांवरून चंद्रप्रकाशात मी खुनी वार पाहिला. लिंकननं त्याला लगेच खोटं पाडलं नाही. चंद्र कुठे होता, किती वर होता, उजेड किती होता, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. पळायच्या वाटा सगळ्या बंद झाल्या, तेव्हा पंचांग काढून दाखवलं, की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. तिथे लिंकननं साक्षीदाराला “मग तुला दिसलं कसं?” असं विचारलं असतं तर? साक्षीदारानं काहीतरी सांगितलं असतं, आणि ते ज्युरीच्या डोक्यात राहिलं असतं.

तू चौथ्या उत्तरावर “आणखी प्रश्न नाहीत” म्हणून बसायला हवं होतंस. ‘कसं’ हा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नसतो, तो ज्युरीच्या मनात सोडून द्यायचा असतो. शेवटच्या भाषणात तू त्याला हात घालणार. तेव्हाही एक मोह आवर. चार सेकंद किती कमी हे दाखवायला म्हणून भाषणात चार सेकंद गप्प उभी राहू नकोस. बऱ्याच वकिलांना ही युक्ती सुचते. शांत कोर्टात चार सेकंद फार लांब वाटतात. बारा माणसं मनात म्हणतात, एवढा वेळ असेल तर दिसलाच असेल की चेहरा. मी स्वतः करून बघितलं आहे. अशील आत गेला.

तिचे ते डोळे तुला आधी माहीत असायला हवे होते, असंही मी म्हणेन. तुमच्या कार्यालयाच्या तपासनिसाला साक्षीदारांशी बोलायला पाठवलं होतंस का? रात्री त्याच वेळी त्या दुकानात जाऊन उभी राहिलीस का? गल्ल्याची उंची, दिव्याचा रंग, दारावरची काच? ज्या निकालामुळे तुझी नोकरी अस्तित्वात आहे तो क्लॅरेन्स गिडिअनचा. १९६१ मध्ये फ्लोरिडात वकील नाकारला गेला म्हणून तो ज्युरीपुढे स्वतःच बोलला, आणि पाच वर्षांसाठी आत गेला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला वकील मिळायलाच हवा म्हटलं, खटला पुन्हा चालला. आरोप तोच, सरकारचा मुख्य साक्षीदार तोच. या वेळी फ्रेड टर्नर नावाचा गावातलाच वकील होता. त्यानं खटल्याआधी फिरून साक्षीदारांची कुंडली काढलेली होती. ज्युरीनं तासाभरात गिडिअनला सोडलं. पटवण्याची कला वगैरे म्हणतात ना, तिच्यातला मोठा भाग असा पायात असतो.

कौशल्याच्या शिकवणीबद्दल: खटला चालवण्याचं प्रत्यक्ष शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९७१ पासून इथे आहे, तिथे उभं राहून बोलायला लावतात आणि लगेच चुका दाखवतात. कार्यालय पैसे देत असेल तर जाच. फुकटचं शिक्षण म्हणजे दुसऱ्यांचे खटले. आठवड्यातला अर्धा दिवस मागच्या बाकावर बस, पण वकिलाकडे बघू नकोस, ज्युरीकडे बघ. ते कधी लिहितात, कधी पेन खाली ठेवतात. आणि नवीन फाइल हातात आली की न्यायाधीश शेवटी ज्युरीला ज्या छापील सूचना देणार त्या आधी वाच, कारण खोलीत त्यांच्याबरोबर तो कागद जातो, तू जात नाहीस. इलिनॉयमध्ये ‘वाजवी संशय’ म्हणजे काय याची व्याख्या न्यायाधीश करत नाहीत, वकिलानंही करायची नाही. त्यामुळे संशयाच्या सुंदर उपमा शोधण्यात रात्री घालवू नकोस. संशय दाखव: टोपी, पिस्तूल, चार सेकंद.

आणखी एक सवय लाव. उघड कोर्टात आलेलं तेवढंच घेऊन, नावं वगळून, तुझा खटला आईला जेवताना मराठीत सांग. तीन मिनिटांत. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं काही त्यात येता कामा नये, हे तुला सांगायला नको. इंग्रजीत आपण कायद्याच्या शब्दांआड लपू शकतो, आईपुढे मराठीत लपता येत नाही. ती “मग?” म्हणाली तर ठीक. ती “पण तो तिथे गेलाच कशाला?” म्हणाली, तर ज्युरीही तेच म्हणणार, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे हवं.

वरिष्ठांचं बोलू. माझं मत तुला विचित्र वाटेल: शेवटचं भाषण सहकाऱ्याला देऊन टाक. पुढच्या एका खटल्यापुरतं. बदल्यात ज्युरीची निवड आणि मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी मागून घे. भाषणाला लोक उगाच फार किंमत देतात, निम्मे ज्युरर तोवर मनाशी ठरवून बसलेले असतात. त्याच्या पुढचा खटला मात्र अथपासून इतिपर्यंत तुझा, हे आत्ताच ठरवून घे, ई-मेलवर. आणि कारण ‘उच्चार’ असं असेल तर शांतपणे विचार, कामात नेमकं कुठे अडलं ते दाखवा. १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली उच्चारांवरून काम नाकारणं हा मूळ देशावरून केलेला भेदभाव ठरू शकतो, उच्चारांमुळे काम खरोखरच अडत असेल तर गोष्ट वेगळी. हे भांडायला सांगत नाही. माहीत असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो.

आता बाबा. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. अमेरिकेत खटले ज्युरीपर्यंत जातातच किती? २०१८ मध्ये केंद्रीय न्यायालयांतल्या फौजदारी आरोपींपैकी जेमतेम २ टक्क्यांचा खटला प्रत्यक्ष चालला. ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला. म्हणजे ‘खटला चालवणारी वकील’ म्हणून जगायचं तर वर्षातले बरेचसे दिवस वाटाघाटीत, जामिनाच्या सुनावणीत, फाइलींत जाणार. हे चालणार नसेल तर बाहेर पड, कुणी नावं ठेवणार नाही. पण विमा कंपनीत गेलीस तर ज्युरी आणखी लांब जाईल, तिथले बहुतेक दावे टेबलावरच मिटतात. आरोपींविरुद्ध खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात ज्युरीपुढे उभं राहायला मिळेल, पण तिथे तुझं मन लागेल असं पत्रावरून वाटत नाही. कर्जाचा उल्लेख तू ओझरता केला आहेस. २००७ पासूनच्या केंद्रीय योजनेत सार्वजनिक सेवेत राहून १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं शैक्षणिक कर्ज माफ होतं. बचाव वकील त्यात बसतात. तुझे किती हप्ते मोजले गेलेत ते आधी तपास, मग तो आकडा आणि दुप्पट पगार असे दोन्ही बाबांसमोर एका कागदावर मांड. त्यांना आकडे कळतात. “गुन्हेगारांना सोडवते” हे मंडळाच्या गणपतीत ऐकावं लागतं ते त्यांना खुपतंय, हे मात्र कागदावर मिटणार नाही. त्यांना एक दिवस कोर्टात आणून मागच्या बाकावर बसव.

महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्या ज्युनिअर वकिलांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे ज्युरी नाही. १९५९च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, ते न्यायाधीशांनी मानलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पारशी विवाहांच्या न्यायालयात तेवढे प्रतिनिधी अजून बसतात. पण पाचवा प्रश्न साताऱ्यातही तेवढाच महाग पडतो.

आता घाईचं. निकालाला दोन आठवडे झाले म्हणतेस. नव्या सुनावणीच्या अर्जासाठी इलिनॉयमध्ये निकालापासून ३० दिवस असतात, म्हणजे तुझ्याकडे निम्मेच उरलेत. ज्युरीच्या निवडीची आणि त्या मुलीच्या साक्षीची लिखित प्रत आजच मागव. शिक्षेची सुनावणी अजून व्हायची आहे, आणि ती तूच करायचीस, सहकाऱ्याला द्यायची नाही. तिथे ज्युरी नसेल, ऐकणारा एकच माणूस असेल. क्लॅरेन्स डॅरो या बचाव वकिलाचं सगळ्यात गाजलेलं भाषण, १९२४चं, शिकागोतलं, ज्युरीपुढे झालेलंच नाही. त्याच्या दोन्ही अशिलांनी गुन्हा कबूल केला होता. प्रश्न फाशीचा होता, आणि तो १२ तासांच्या आसपास एका न्यायाधीशाशी बोलत होता, मुख्यतः त्या दोन पोरांच्या वयाबद्दल. फाशी टळली.

मी तुझ्या चारही पानांत तुझ्या अशिलाचं वय शोधलं. सापडलं नाही. घरी कोण आहे, काम काय करत होता, निकालानंतर तू त्याला भेटलीस की नाही, तेही नाही. या आठवड्यात तुरुंगात जा. भेटीची वेळ फोन करून घे, वही बरोबर ने. त्याच्या आईचा नंबर माग, तो शेवटचं जिथे काम करत होता तिथल्या मालकाचा माग. आणि तुझं स्पष्टीकरण सुरू करायच्या आधी त्याला बोलू दे.